पाऊण टीबी स्कॅन, तीन ठिकाणं आणि एक बकेट: गिट-अ‍ॅनेक्स घ्यावं की एलएफएस?

पानमोजे · मंगळवार, रात्री ९:४०

गिरगावातल्या एका वाचनालयाच्या जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. आकडे आधी देतो, म्हणजे उत्तरं हवेत जाणार नाहीत.

पानं साधारण १६,०००. ए४, ४०० डीपीआय, २४ बिट रंग, टिफ, कॉम्प्रेशन नाही. एक पान ४६ एमबी, एकूण ७४० जीबीच्या आसपास. मुखपृष्ठं उघडून ए३ला ६०० डीपीआयवर घेतली आहेत, ती प्रत्येकी २०८ एमबी.

स्कॅनरचा पीसी गिरगावात, त्यावर उबंटू. मुद्रितशोधन बोरिवलीला, मॅकबुकवर, डिस्क फक्त २५६ जीबी. ठाण्यात एक जुना पीसी, ४ टीबी डिस्कसह, सतत चालू. शिवाय अ‍ॅमेझॉन एस३च्या (ऑनलाइन साठवण) मुंबई विभागात एक बकेट, म्हणजे तिथला साठवणीचा कप्पा. गिरगावातून अपलोडचा खरा वेग ४० एमबीपीएस.

सध्याचा व्हर्जन कंट्रोल म्हणजे ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’ आणि ‘फायनल_हेच_घ्या’ असे तीन फोल्डर. साध्या गिटमध्ये (फाइलींचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं. गिटहबने मुखपृष्ठं परत पाठवली. आता मोठ्या फाइलींसाठी गिटला जोडायचं एलएफएस (लार्ज फाइल स्टोरेज) की अ‍ॅनेक्स?

---

चाळीतला_सर्व्हर · मंगळवार, रात्री १०:२५

परत येणारच. गिटहब १०० एमआयबीच्या वरची फाइल पुशमध्ये घेतच नाही, ५०च्या वर असली की कुरकुर करतं. पण ती मर्यादा नसती तरी साधं गिट इथे चाललं नसतं.

गिटचा जीव मजकुरात आहे. दोन आवृत्त्यांमधला फरक तेवढा साठवून ते जागा वाचवतं. स्कॅनच्या पिक्सेलमध्ये असा फरक फारसा सापडत नाही, आणि ५१२ एमबीच्या वरच्या फाइलींसाठी तर गिट मूळ सेटिंगवर तो शोधतही नाही. पान पुन्हा स्कॅन केलं की जवळपास आणखी एक अख्खी प्रत इतिहासात कायमची बसते. त्यावर प्रत्येक क्लोन (रेपॉझिटरीची, म्हणजे गिटच्या फोल्डरची नक्कल) सगळा इतिहास ओढतो. बोरिवलीच्या २५६ जीबीत हे मावणार कुठे? पार्शल क्लोन करता येतो, पण मग सगळा भार वाहणारा एक गिट सर्व्हर लागतो आणि बकेट बाजूलाच राहते.

अ‍ॅनेक्स वेगळ्या वाटेने जातं. जोई हेसने २०१० मध्ये हे सुरू केलं, हॅस्केलमध्ये लिहिलेलं आहे. गिटमध्ये फक्त फाइलचं नाव आणि एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा, जाते. खरा ऐवज (फाइलमधला डेटा) डॉट-गिटच्या आत अ‍ॅनेक्स/ऑब्जेक्ट्समध्ये राहतो आणि त्याचं नाव असतं त्याच्या एसएचए-२५६ हॅशवरून (ऐवजावरून काढलेला ठसा), मागेपुढे आकार आणि एक्स्टेन्शन. कोणती की (हे हॅशवरून पडलेलं नाव) कुठल्या डिस्कवर आहे याची नोंदवही ‘गिट-अ‍ॅनेक्स’ नावाच्या वेगळ्या ब्रँचमध्ये ठेवली जाते. तुम्हाला हवी आहे ती ही वही. बोरिवलीला १६,००० नावं दिसतील, पण डिस्कवर मागवलेली ५०० पानंच असतील. बाकीची कुठे आहेत ते ‘व्हेअरइज’ सांगेल.

---

कळफलक · मंगळवार, रात्री ११:०२

एलएफएसची बाजू कोणीतरी मांडायला हवी, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

शिकायला सोपं. ‘गिट एलएफएस इन्स्टॉल’, मग ‘गिट एलएफएस ट्रॅक’ देऊन टिफचा नमुना द्यायचा, गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल आधी कमिट करायची, मग नेहमीचंच अ‍ॅड, कमिट, पुश. गिटमध्ये जाते ती तीन ओळींची पॉइंटर फाइल: आवृत्ती, हॅश, आकार. विंडोज, मॅक सगळीकडे सारखं वागतं, सिमलिंकची भानगड नाही. आणि लॉक आहे. एकाच पीएसडीवर (फोटोशॉपच्या फाइलीवर) दोघे बसत असतील तर ‘गिट एलएफएस लॉक’ने दुसऱ्याला थांबवता येतं. अ‍ॅनेक्समध्ये याला जोड नाही.

ट्रॅक करण्याआधी कमिट झालेल्या फाइली मात्र आपोआप हलत नाहीत. त्यासाठी ‘मायग्रेट इम्पोर्ट’. त्याने इतिहास नव्याने लिहिला जातो, फोर्स पुश करावा लागतो आणि इतरांनी नव्याने क्लोन करायचं असतं. त्याआधी ‘मायग्रेट इन्फो’ चालवून कोणतं एक्स्टेन्शन किती जागा खातंय ते बघून घ्या.

---

चाळीतला_सर्व्हर · मंगळवार, रात्री ११:३०

@कळफलक, लॉकचं पटलं. डिझायनर मंडळींसाठी एलएफएसच. पण या कामात ते तीन जागी अडतं.

एलएफएसमध्ये प्रत एका सर्व्हरवर आणि तिथूनच सगळ्यांना. ठाण्याच्या डिस्कवर काय आहे, बकेटमध्ये काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. दुसरं, ऐवज वर्किंग ट्रीमध्ये (समोर दिसणाऱ्या फोल्डरमध्ये) एकदा आणि डॉट-गिटच्या एलएफएस फोल्डरमध्ये एकदा, असा दोनदा बसतो. गिरगावच्या पीसीवर ७४० जीबीचे जवळजवळ दीड टीबी झाले. बीटीआरएफएस किंवा एपीएफएससारखी फाइलसिस्टम असेल तर ‘गिट एलएफएस डीडूप’ने वाचतात, ईएक्सटी४वर नाही. तिसरं, चुकून चढलेली फाइल गिटहबच्या एलएफएस साठ्यातून काढायची तर अख्खी रेपॉझिटरी उडवून नव्याने करावी लागते.

---

पानमोजे · बुधवार, सकाळी ८:१५

ठरलं, अ‍ॅनेक्स. आता पायऱ्या सांगा. घाई नाही, पण गाळू नका.

---

चाळीतला_सर्व्हर · बुधवार, सकाळी १०:४०

कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंका.

पहिली गोष्ट अ‍ॅड करण्याच्या आधीची. टिफला लॉसलेस कॉम्प्रेशन करायचं असेल तर आत्ताच करा. नंतर केलं तर हॅश बदलतो, म्हणजे अ‍ॅनेक्सच्या दृष्टीने १६,००० नव्या फाइली. टिफचं एक्स्टेन्शनही एकच ठरवा, एका ‘एफ’चं किंवा दोन ‘एफ’चं. नेहमीच्या बॅकएंडमध्ये, म्हणजे एसएचए२५६ई मध्ये, शेवटचा ‘ई’ एक्स्टेन्शनचा आहे. तोच ऐवज दोन एक्स्टेन्शननी आला की दोन कीज होतात आणि दोनदा साठवला जातो.

गिरगावात:

गिट इनिट
गिट अ‍ॅनेक्स इनिट "गिरगाव"
गिट अ‍ॅनेक्स नमकॉपीज २
गिट अ‍ॅनेक्स कॉन्फिग --सेट अ‍ॅनेक्स.लार्जफाइल्स लार्जरदॅन=१००केबी
गिट अ‍ॅनेक्स अ‍ॅड .
गिट कमिट

नमकॉपीज २ म्हणजे दोन प्रती उरल्याशिवाय काढू द्यायचं नाही. लार्जफाइल्सची ओळ विसरू नका. ती असेल तर १०० केबीच्या वरचं अ‍ॅनेक्समध्ये आणि सूची, सीएसव्ही, टिपा साध्या गिटमध्ये जातात. ती नसताना कोणी सवयीने नुसतं ‘गिट अ‍ॅड’ केलं तर ४६ एमबीचं पान थेट गिटमध्ये घुसतं. कमिटच्या आधी लक्षात आलं तर ‘गिट आरएम --कॅश्ड’ करून पुन्हा अ‍ॅनेक्सने अ‍ॅड करा. कमिट झाल्यावर मात्र फिल्टर-रेपोने इतिहास धुवावा लागतो.

ठाण्यात एसएसएचवरून क्लोन करा, ‘गिट अ‍ॅनेक्स इनिट "ठाणे"’ द्या, मग:

गिट अ‍ॅनेक्स ग्रूप . बॅकअप
गिट अ‍ॅनेक्स वाँटेड . स्टँडर्ड

बॅकअप गटाला सगळं हवं असतं, त्यामुळे ठाणे मिळेल ते गोळा करतं. बोरिवलीला उलट: ‘वाँटेड’ला ‘इन्क्लूड=*.जेपीजी’ द्या. वाचायच्या हलक्या जेपीजी तेवढ्या आपोआप येतील, टिफ हवी ती ‘गेट’ने मागवायची.

बकेटसाठी (तिचं नाव ‘बादली’ ठेवू) अ‍ॅमेझॉनच्या दोन्ही किल्ल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि:

गिट अ‍ॅनेक्स इनिटरिमोट बादली टाइप=एस३ एन्क्रिप्शन=नन डेटासेंटर=एपी-साउथ-१ सिग्नेचर=व्ही४ पार्टसाइझ=१जीआयबी

मुंबई विभाग २०१६ चा. त्याला सही व्ही४ पद्धतीचीच लागते. अ‍ॅनेक्सच्या जुन्या आवृत्त्या व्ही२ पाठवतात आणि मग जो एरर येतो त्यावरून कारण कळत नाही, म्हणून ते स्पष्ट लिहिलेलं बरं. एस३ एका पुटमध्ये ५ जीबीपर्यंतच घेतं. त्यावर मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी अपलोड) लागतं, त्यासाठी पार्टसाइझ. तुमची पानं त्याच्या कितीतरी खाली आहेत, पण पुढेमागे ध्वनिमुद्रणं आली तर असू द्या.

मग ‘गिट अ‍ॅनेक्स कॉपी --टू बादली --जॉब्स=४’. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी, तासाला १८ जीबी, ७४० जीबीला सुमारे ४१ तास. मध्ये तुटलं तर तीच कमांड पुन्हा द्या. पोचलेल्या फाइली ते सोडून देतं.

शेवटी सगळीकडे ‘गिट अ‍ॅनेक्स सिंक --कंटेंट’. इथे हमखास चूक होते ती अशी: लोक सवयीने फक्त मेन ब्रँच पुश करतात. गिट-अ‍ॅनेक्स ब्रँच मागे राहिली की बोरिवलीला नावं दिसतात पण ‘व्हेअरइज’ शून्य प्रती दाखवतं. ऐवज जागेवरच असतो, नोंदवही पोचलेली नसते. सिंक दोन्ही ब्रँच नेतं.

---

तिसरी_घंटा · बुधवार, दुपारी १२:०५

एन्क्रिप्शन=नन हे सहज पुढे गेलं, तिथे थांबायला हवं. पर्याय आहेत आणि त्यातला एक फसवा आहे.

‘शेअर्ड’ दिलं तर किल्ली रेपॉझिटरीच्या आतच ठेवली जाते. बकेट पाहणाऱ्याला काही कळणार नाही, पण ज्याच्याकडे क्लोन आहे त्याच्याकडे किल्लीही आहे. तीच रेपॉझिटरी गिटहबवर सार्वजनिक केली की कुलूप दाराला आणि किल्ली पायपुसण्याखाली. ‘हायब्रिड’मध्ये जीपीजी किल्ली लागते आणि नवा माणूस आला की ‘एनेबलरिमोट’ला ‘कीआयडी+=’ देऊन त्याला जोडता येतं. ती जीपीजी किल्ली हरवली तर मात्र बादलीतलं सगळं निरुपयोगी, कोणी उघडून देणार नाही.

एन्क्रिप्शन घेतलंत तर चंक=५०एमआयबीही द्या. चंकचा फायदा दोन ठिकाणी: तुटलेलं डाउनलोड शेवटच्या तुकड्यापासून पुढे चालू होतं आणि फाइलींचे खरे आकार झाकले जातात.

जुने छापील अंक, शिवाय बकेट खासगी, म्हणून ननच ठीक. अंकांवरचे हक्क कोणाचे हा प्रश्न निराळा आणि तो कमांडने सुटत नाही.

---

पानमोजे · बुधवार, रात्री ९:१०

ठाणे चालू झालं. बोरिवलीहून मात्र मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंचा फोन, “सगळ्या फाइली करप्ट आहेत”. फाइंडरमध्ये बाणाचं चिन्ह दिसतं, उघडलं की मूळ सापडत नाही म्हणतं. शिवाय ‘गिट स्टेटस’मध्ये फाइलींच्या नावांच्या जागी \३४०\२४४ असं काहीबाही येतंय. नावं देवनागरीत आहेत.

---

चाळीतला_सर्व्हर · बुधवार, रात्री ९:३५

करप्ट काही नाही. ऐवज न आलेली सिमलिंक अशीच दिसते. ज्या पानाचं काम आहे त्यावर ‘गिट अ‍ॅनेक्स गेट’. हे रोज समजावत बसायचं नसेल तर बोरिवलीच्या क्लोनमध्ये ‘गिट अ‍ॅनेक्स अ‍ॅडजस्ट --हाइड-मिसिंग’ द्या. जे नाही ते दिसणारच नाही. नंतर आलेल्या फाइली दिसाव्यात म्हणून सिंक, किंवा तीच अ‍ॅडजस्टची कमांड पुन्हा.

---

शिरोरेषा · बुधवार, रात्री १०:५०

नावांचं मी घेते, कारण मराठीत याला एक खास खोड आहे.

\३४०\२४४\२०५ हे ‘अ’चे यूटीएफ-८ मधले तीन बाइट, अष्टमान पद्धतीत. गिट सावधगिरी म्हणून अ‍ॅस्कीबाहेरची नावं अशी छापतं. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ केलं की अक्षरं दिसतात. हा फक्त दिसण्याचा भाग.

खरा घोळ ‘ऱ’चा. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्याखोऱ्या’ अशा शब्दांतला हा अर्धा र तीन तऱ्हेने साठवलेला असू शकतो. पहिली तऱ्हा, ऱ हे एकच अक्षर, यू+०९३१. दुसरी, साधा र आणि खाली नुक्ता, ०९३० आणि ०९३सी. तिसरी, र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लिनक्सला मात्र त्या तीन वेगळ्या फाइली.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या दृष्टीने समान आहेत: एनएफसी (जोडलेल्या) रूपात पहिली येते, एनएफडी (फोडलेल्या) रूपात दुसरी. मॅकची जुनी एचएफएस-प्लस डिस्क नावं फोडून, म्हणजे एनएफडीसारखी ठेवायची. एपीएफएस जसं दिलं तसं ठेवतं, पण शोधताना दोन्हींना एकच मानतं. म्हणून गिरगावात ‘वाऱ्यावर’च्या दोन फाइली तयार झाल्या तर मॅकवर त्या एकमेकींवर आदळतात. मॅकवर ‘कोअर.प्रीकम्पोजयुनिकोड’ ट्रू आहे ना ते बघा, ते नावं एनएफसीत आणून गिटला देतं. आधीच बिघडलेली नावं ‘कॉन्व्हएमव्ही’ने दुरुस्त होतात, ‘--एनएफसी’ देऊन. मूळ वागणुकीत ते फक्त काय करणार ते सांगतं, प्रत्यक्ष बदलायला ‘--नोटेस्ट’ लागतं.

तिसऱ्या तऱ्हेला यातलं काहीच हात लावत नाही. तो जोडक युनिकोडच्या नियमाने वेगळाच, त्यामुळे प्रमाणीकरण करूनही तो तसाच उरतो. ती नावं शोधून हातानेच बदलायची.

आणखी एक अडचण लांबीची. ईएक्सटी४वर नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीत प्रत्येक खूण ३ बाइट, काना-मात्रा-हलन्त सगळे धरून, म्हणजे ८५ खुणा. विंडोजची एनटीएफएस २५५ एकक मोजते, तिथे लांबलचक लेखनामं सहज बसतात. मग ती फाइल उबंटूवर येताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडते.

माझं मत विचाराल तर फाइलींची नावं रोमन आकड्या-अक्षरांत, वर्ष-अंक-पान अशी करा आणि मराठी शीर्षकं, लेखक, पृष्ठविषय सीएसव्हीत. ती सीएसव्ही साध्या गिटमध्ये, तिथे तिच्या ओळी-ओळींतला फरकही दिसतो. आत्ता नावं बदलण्यात काही तोटा नाही. अ‍ॅनेक्सची की अ‍ॅड करतानाच ऐवजावर ठरते, नावावर नाही (एक्स्टेन्शन तेवढं सोडून), तेव्हा ‘गिट एमव्ही’ केलं तरी बादलीत एक बाइटही पुन्हा चढणार नाही.

---

कळफलक · बुधवार, रात्री ११:१५

@शिरोरेषा, हे ‘ऱ’चं माहीत नव्हतं. दोन दिवस एका सिंकच्या भुताचा पाठलाग चालू होता, त्याचं नाव आता कळलं.

---

पानमोजे · गुरुवार, दुपारी १:२०

नावं बदलतोय. मधल्या काळात विचार आला, बोरिवलीला टिफ लागतील तेव्हा नेट कशाला? पोर्टेबल डिस्कवर भरून चर्नी रोडवरून स्लो पकडली की तासाभरात डिस्क तिथे. डिस्क एक्सफॅट आहे.

---

चाळीतला_सर्व्हर · गुरुवार, दुपारी २:०५

लोकलचा वेग कोणत्याही ब्रॉडबँडला भारी आहे. फक्त भरायचा आणि उतरवायचा वेळ मोजा: साध्या यूएसबी ३ हार्ड डिस्कला सेकंदाला ११० एमबी धरले तरी ७४० जीबी भरायला पावणेदोन-दोन तास, आणि बोरिवलीत २५६ जीबीत मावेल तेवढंच उतरवायचं. तरी ४१ तासांपेक्षा बरंच.

एक्सफॅटवर मात्र थांबा. तिथे सिमलिंक नाहीत, म्हणून अ‍ॅनेक्स सगळ्या फाइली अनलॉक्ड करतं. ऐवज एकदा आतल्या साठ्यात, एकदा बाहेर, पुन्हा दुप्पट. हार्डलिंकही नसल्याने ‘अ‍ॅनेक्स.थिन’चा उपाय तिथे लागू पडत नाही. दोन वाटा आहेत. एक, डिस्कवर ‘--बेअर’ क्लोन ठेवायचा. त्यात वर्किंग ट्री नसते, म्हणजे एकच प्रत. दुसरी, ‘डिरेक्टरी’ जातीचा स्पेशल रिमोट करायचा. डिस्क थेट उघडून नावांसकट पाहायची असेल तर त्याला ‘एक्सपोर्टट्री=येस’ द्या. पण अशी निर्यात केलेली प्रत कोणीही हाताने बदलू शकतं, म्हणून अ‍ॅनेक्स तिला प्रतींच्या मोजणीत धरत नाही.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: रेपॉझिटरीचा फोल्डर सीपी किंवा आरसिंकने कॉपी करून नवी डिस्क बनवू नका. डॉट-गिट सकट कॉपी झाली की दोन्हींचा अ‍ॅनेक्स.यूयूआयडी (रेपॉझिटरीचा ओळखक्रमांक) एकच राहतो. नोंदवहीत दोन डिस्क एकच डिस्क ठरतात. मग इथे ठेवलेलं तिथेही आहे, तिथे ड्रॉप केलेलं इथेही गेलं, असा हिशोब सुरू होतो आणि सुरक्षिततेची सगळी गणितं खोटी पडतात. नेहमी ‘गिट क्लोन’ करा. चूक झालीच असेल तर कॉपीवर ‘गिट कॉन्फिग --अनसेट अ‍ॅनेक्स.यूयूआयडी’, मग ‘गिट अ‍ॅनेक्स इनिट’ नव्या नावाने, आणि लगेच ‘एफएससीके’ (फाइलींची तपासणी), म्हणजे जवळ खरंच काय आहे त्याची नोंद होते.

---

तिसरी_घंटा · गुरुवार, दुपारी ४:३०

पावसाळ्यात डिस्क बॅगेत नुसती टाकू नका, झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून न्या. बाहेरून काढल्यावर लगेच चालू करू नका, दमटपणा जाऊ द्या.

प्रतींच्या जागांबद्दलही बोलू. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्यात ७३. एकाच शहरात दोन टोकांना प्रती ठेवण्याला अर्थ आहे, पण तळमजल्यावर नको. तुमची बकेटही मुंबई विभागातच आहे हे विसरू नका, गिरगाव, ठाणे आणि बादली तिन्ही एकाच पट्ट्यात. एस३ विभागाच्या आत अनेक डेटा सेंटरमध्ये प्रती ठेवतं, त्यामुळे घाबरण्यासारखं नाही. पण बकेट अजून भरली नसेल तर हैदराबादचा विभाग, एपी-साउथ-२, नोव्हेंबर २०२२ पासून उपलब्ध आहे. या कामात दहा-पंधरा मिलिसेकंद इकडेतिकडे झाल्याने काही अडत नाही.

---

पानमोजे · गुरुवार, सायंकाळी ६:४५

बादली अजून रिकामी आहे, हैदराबादच करतो. गिरगावची डिस्क भरत आलीये. तिथून टिफ काढायच्या तर?

---

चाळीतला_सर्व्हर · गुरुवार, सायंकाळी ७:३०

‘गिट अ‍ॅनेक्स ड्रॉप’. हे आरएम नव्हे. काढण्याआधी ते दुसरीकडे दोन प्रती आत्ता आहेत का ते प्रत्यक्ष विचारून बघतं, वहीवर विसंबून राहत नाही. ठाण्याचा पीसी बंद असेल तर “२ पैकी १ प्रतच पडताळता आली” अशा अर्थाचा नकार येतो. तेव्हा ‘--फोर्स’ मारायचा मोह होतो. मारू नका, ठाणे चालू करा.

तसंच कोणी स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने जुन्या पानावर लिहायला गेलं आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तो बिघाड नाही, फाइल लॉक्ड आहे. ‘अनलॉक’ करा, बदला, पुन्हा अ‍ॅड करा. सीएचमॉडने परवानग्या उघडून वर लिहिलं तर हॅश जुना आणि ऐवज नवा, पुढच्या तपासणीत ती फाइल खराब म्हणून बाजूला टाकली जाईल.

---

कळफलक · गुरुवार, रात्री ९:००

बिलाच्या बाजूने चार गोष्टी, या बादलीला भोक पाडतात.

तपासणी. ठाण्यात ‘एफएससीके’ला ‘--इन्क्रिमेंटल-शेड्यूल=३०डी --टाइम-लिमिट=५एच’ देऊन क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवतं ते) लावा. रोज रात्री पाच तास थोडंथोडं वाचेल, एक फेरी पुरी झाली की नवी फेरी, आधीची सुरू झाल्यापासून महिन्याने. पण बादलीवर पूर्ण ‘एफएससीके --फ्रॉम’ चालवलंत तर ते सगळे ७४० जीबी उतरवून हॅश करतं आणि एस३मधून बाहेर येणाऱ्या डेटाचे पैसे पडतात. तिथे ‘--फास्ट’ द्या, फक्त आहे का ते बघेल.

अर्धवट मल्टिपार्ट. तुटलेल्या अपलोडचे तुकडे बकेटमध्ये अदृश्य पडून राहतात आणि त्यांचं भाडं चालू असतं. लाइफसायकल नियमात अपूर्ण मल्टिपार्ट ७ दिवसांनी रद्द करायचं लावून टाका.

ग्लेशियर, म्हणजे एस३चा स्वस्त पण संथ साठा. स्वस्त म्हणून लाइफसायकलने डीप आर्काइव्हमध्ये ढकलायची कल्पना येईल. तिथे किमान १८० दिवसांचं भाडं आणि साध्या परतीला १२ तासांपर्यंत. अ‍ॅनेक्सच्या दृष्टीने वस्तू ‘आहे’च, त्यामुळे ती प्रत म्हणून मोजली जाते, पण ‘गेट’ केलं की आधी रिस्टोअर करा म्हणून एरर. ठाण्याची डिस्क गेली त्या दिवशी हे आठवलं तर फार उशीर होतो, म्हणून आत्ता.

आणि जुन्या आवृत्त्या. पान पुन्हा स्कॅन केलं की जुनी की ऐवजासकट राहते. ‘गिट अ‍ॅनेक्स अनयूज्ड --फ्रॉम बादली’ यादी देतं, मग ‘ड्रॉपअनयूज्ड’, त्यालाही ‘--फ्रॉम बादली’ लावूनच. एखाद्या टॅगवर किंवा ब्रँचवर जुनं पान असेल तर ते वापरात धरलं जातं, हे बरंच आहे.

---

शिरोरेषा · गुरुवार, रात्री ९:४०

त्यालाच जोडून. टिफच्या आत मेटाडेटा भरू नका. एक्झिफटूलने १६,००० पानांत वाचनालयाचं नाव घातलं तर एका ओळीसाठी ७४० जीबी नव्याने चढतील, कारण अ‍ॅनेक्स फरक साठवत नाही, अख्खी फाइलच नवी. जे काही लिहायचं ते शेजारच्या सीएसव्हीत.

टेसरॅक्टने मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करणार असाल तर त्याचा मजकूरही साध्या गिटमध्ये. ताईंनी सुधारलेल्या ओळी तिथे लाल-हिरव्या दिसतील. फक्त लार्जफाइल्सची मर्यादा १०० केबी आहे, आणि देवनागरी मजकूर पान-पान वेगळा न ठेवता अख्ख्या अंकाची एक फाइल केलीत तर तो ती ओलांडतो. मग मुकाट अ‍ॅनेक्समध्ये जातो आणि फरक दिसेनासा होतो. नियम असा करा: ‘लार्जरदॅन=१००केबी अँड नॉट (इन्क्लूड=*.टीएक्सटी ऑर इन्क्लूड=*.सीएसव्ही)’.

---

नवखा_नळ · गुरुवार, रात्री १०:१०

डीव्हीसीचं (डेटा व्हर्जन कंट्रोल) कोणी बोललं नाही?

---

चाळीतला_सर्व्हर · गुरुवार, रात्री १०:२०

ओसीआरचं मॉडेल स्वतः ट्रेन करणार असाल तर जरूर बघा. कोणत्या डेटावरून कोणतं मॉडेल निघालं ही साखळी ते छान धरतं. डॉट-डीव्हीसी फाइलीत एमडी५, ‘डीव्हीसी पुश’ने रिमोटवर. पण कोणती प्रत कुठल्या डिस्कवर आणि किती प्रती उरल्या की काढू द्यायचं नाही, हे त्याचं काम नाही.

---

पानमोजे · शुक्रवार, सकाळी ७:५०

कॉन्व्हएमव्हीने ३१२ नावं एनएफसीत आणली. जोडकवाली ९ निघाली, ती हाताने बदलली. हैदराबादची बादली उघडून अपलोड रात्री लावलं होतं, आत्ता ‘व्हेअरइज’मध्ये १९५८च्या अंकांसमोर गिरगाव, ठाणे आणि बादली तिन्ही दिसतात. ठाण्याच्या ‘एफएससीके’ने दोन पानं खराब म्हणून बाजूला काढली. गिरगावात ती नीट आहेत. ठाण्यात नुसतं ‘गेट’ पुन्हा दिलं की पुरे?

---

चाळीतला_सर्व्हर · शुक्रवार, सकाळी ८:२०

पुरे. पण एकाच रात्री दोन निघाली, म्हणजे ती ४ टीबी डिस्क स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) तपासा. रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे इथे टाका. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर गिरगावातून ड्रॉप करणं तूर्त थांबवा आणि ‘गिट अ‍ॅनेक्स अनट्रस्ट ठाणे’ द्या, म्हणजे डिस्क बदलेपर्यंत तिथली प्रत मोजणीत येणार नाही.